गाडीत बसणार नाही

माझे कान गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गेले म्हणजे एका दिवसात गेले नाहीत. भोसरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला मी नोकरी काढली. वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, पडते, पत्रा वाकतो, कुठल्यातरी गाडीचा एक तुकडा तयार होतो आणि पायाखालची फरशी हादरते. शिफ्टभर हेच. आधी बारीक आवाज गेले, चिमण्यांचे वगैरे. मग फोनची घंटी गेली, मग नातीचं बोलणं. आता कुणी जवळ येऊन ओरडलं तर गुरगुर कळते, शब्द कळत नाहीत. मुलानं कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. ते लावलं की भांड्यांचा खणखणाट थेट मेंदूत शिरतो आणि बोलणं मात्र गुरगुरच राहतं. ते मी काढून ठेवलं आणि परत लावलं नाही.

शब्द मी ओठांवरून वाचतो. ते मला चांगलं येतं, कारण प्रेस शॉपमध्ये धडधाकट कानाची माणसंही तशीच बोलतात. तिथं ओरडून काही उपयोग नसतो. ओठ आणि हात, एवढ्यावर आमचा सगळा कारभार चालायचा. कुणाच्या घरी पोरगी झाली, कुणाचा ओव्हरटाइम लागला, साहेब कोणत्या बाजूने येतोय, सगळं हातांवर. या कानांबद्दल मला कुणाची सहानुभूती नको आहे. त्यांच्या जिवावर दिघीत घर झालं, पोरं शिकली. गेले ते कामाला गेले.

ऐकू न येण्याची माणसाला सवय होते. वगळलं जाण्याची होत नाही. लग्नात वाढपी माझ्या ताटात जिलबी टाकायची का, ते शेजारच्याला विचारतो. डॉक्टर माझ्या छातीला नळी लावतात आणि खोकला कधीपासून आहे, ते आमच्या हिला विचारतात. अहो, खोकला माझा आहे. चार माणसं हसली की मी विचारतो, काय झालं? ती हात हलवतात, म्हणजे जाऊ द्या, काही विशेष नाही. विशेष नसेल तर मग दात काढून का हसत होता? पण एवढं भांडायला रोज कुठून आणायचा दम? मग माणूस कोपऱ्यात बसायला शिकतो. मी शिकलो नाही, एवढंच. हिच्या मते हा माझा स्वभावदोष आहे.

आमच्या दिघीच्या घराची गॅलरी लष्कराच्या हद्दीकडे उघडते. भिंतीपलीकडे नुसती झाडं. निवृत्तीनंतर सकाळचा चहा मी तिथेच घेतो. एका सकाळी समोरच्या वाळक्या झाडावर एक पाखरू सरळ उभं चढताना दिसलं. खांबावर वायरमन चढतो तसं, शेपटीचा टेकू देऊन. लांब होतं, रंग नीट कळेना. पण ते थांबून खोडावर डोकं आपटत होतं, हे स्पष्ट दिसलं. मुलानं फोनमध्ये शोधून दाखवलं : सुतार पक्षी. मला ते पाखरू एकदम पटलं. दिवसभर एकाच जागी घाव घालायचा आणि तक्रार करायची नाही, हे काम मला ओळखीचं होतं. त्याला जवळून बघायचं असं मी ठरवून टाकलं.

थोड्या दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. सुतार पक्ष्यांच्या शोधात रविवारची सहल, सोबत जाणकार मार्गदर्शक, निघायचं निगडीच्या बसस्टँडवरून, वाटेत भोसरीला थांबा. मी लगेच कळवलं, माझी जागा ठेवा. पलीकडून अंगठा आला आणि नमस्कार आला. फोनवरच्या लिहिण्यात मी बहिरा नसतो, बाकीच्यांसारखाच असतो. म्हणून मीही काही सांगितलं नाही.

हिला कळल्यावर ही कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. बोलायचं असलं की ही आधी समोर येते, मग तोंड उघडते. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

"आवं, सांगा की त्यास्नी. रानात कुणी मागनं हाक मारली तर काय करनार?"

"हाकेला ओ द्यायला मी जातोय का? पाखरू बघायला जातोय."

"मग मी येते संगं."

"ये. पण एक अट हाय. माझ्या वतीनं बोलायचं न्हाई. कुणी तुला माझं काय इचारलं, तर म्हनायचं, त्यांनाच इचारा."

"आन् कुठं पडला-झडला तर?"

"तर उचल. बोलू नको."

ही हसली. पण अट मान्य केली आणि मला माहीत होतं, हिनं शब्द दिला की तो दगडावरची रेघ.

माझ्या नोकरीत रविवार कधी सुट्टीचा नव्हताच. आमच्याकडे वीज गुरुवारी बंद, म्हणून सुट्टी गुरुवारी. पोरांच्या शाळेला सुट्टी तेव्हा बाप कामावर, आणि बापाला सुट्टी तेव्हा पोरं शाळेत. त्यामुळे रविवारी पहाटे नटूनथटून सहलीला उभं राहण्याचं मला नवलच वाटत होतं. भोसरीच्या पुलाखाली आम्ही दोघं थांबलो. समोरच्या बाजूला कंपन्यांच्या बसची वाट बघणारी पोरं रांगेत उभी होती, डोळ्यांत झोप, पाठीला सॅक. आमची गाडी आली तेव्हा त्यातल्या दोघांना वाटलं ती त्यांचीच. मी त्यांना हातानेच सांगितलं, तुमची नाही. लगेच कळलं त्यांना.

गाडीत दहा-बारा माणसं होती. मार्गदर्शक म्हणजे एक तरुण मुलगी. पिंपळे सौदागरला राहायची, आठवडाभर कॉम्प्युटरच्या कंपनीत आणि शनिवार-रविवार पाखरांच्या मागे. गळ्यात दुर्बीण, अंगात मातकट शर्ट, आणि थंडी म्हणून नाकापर्यंत ओढलेला फडका. चाकणची वाहनांची गर्दी मागे पडली तशी ती पुढे उभी राहिली आणि बराच वेळ काहीतरी सांगत होती. मध्ये मध्ये हात वर करून दाखवत होती. फडक्याआडून मला काय कळणार, कपाळ? सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. मान हलवण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

खेडच्या रस्त्यावरून आत वळलो. डोंगराच्या पायथ्याला एक गाव, गावाच्या वर देवराई. देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली काडी कुणी उचलत नाही, त्यामुळे जुनी, आतून पोकळ झालेली झाडं तशीच उभी आणि सुताराला तशीच लागतात. हे मी आदल्या रात्री फोनवर वाचून ठेवलं होतं. पळस नुकता फुलला होता. आम्ही एका ओळीने चढायला लागलो. पुढे ती मुलगी, मध्ये बाकीचे, आणि आम्ही दोघं अगदी मागे. मला मागचं आवडत नाही. मागे असलं की सगळ्यांच्या पाठी दिसतात, आणि पाठ वाचता येत नाही.

अर्ध्या चढावर मुलीने एकदम मूठ वर केली.

आता इथे मला आमच्या शॉपचं सांगायला हवं. आमच्याकडे हाताचा पंजा उघडून वर केला की थांब. नव्या पोरांना आम्ही सांगायचो, पाची बोटं शाबूत ठेवायची असतील तर पाची बोटं दिसली की थांबायचं. आणि मूठ वर म्हणजे डाय घट्ट बसली, सगळं ठीक, चालव. मूठ दिसली की आमचा पाय पेडलवर पडायचाच. त्यात विचार करायला जागाच नसायची. तीस-बत्तीस वर्षं मूठ म्हणजे चल.

मुलीने मूठ वर केली आणि मी चाललो. पुढचे सगळे दगडासारखे उभे होते. मला वाटलं, हे मला वाट देताहेत. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी ओळीच्या बाजूने, सागाच्या वाळल्या पानांवरून, ताठ मानेने सगळ्यांना मागे टाकत थेट तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, "कुठं हाय?"

सागाचं वाळलेलं पान पायाखाली पापडासारखं फुटतं, हे मला आठवत होतं. पण आठवणीतला आवाज पायाखाली ऐकू येत नाही. आणि माझा स्वतःचा आवाज केवढा आहे, ते मला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळतं. त्या मुलीचा चेहरा बघून कळलं की मी शिफ्ट बदलायच्या भोंग्याएवढा ओरडलो असणार. समोरच्या झाडामागून काहीतरी सोनेरी, लाल असं झपकन सुटलं आणि खालच्या दरीत गेलं. मलासुद्धा एवढंच दिसलं. बाकीच्यांना तेवढंही दिसलं नाही, कारण ते सगळे माझ्याकडे बघत होते.

मुलीने डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. मग ती माझ्याकडे न वळता हिच्याकडे वळली. फडका तोवर हनुवटीखाली आला होता, म्हणून ओठ दिसले. "काकांना ऐकू येत नाही का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी समोर उभा, प्रश्न माझ्या कानांचा, आणि उत्तर मागायचं हिच्याकडे.

हिने पदर सावरला, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "त्यान्लाच इचारा की."

मुलगी गोरीमोरी झाली. मग माझ्याकडे वळून, तोंड रुंद करून एक एक अक्षर ताणून बोलायला लागली. "का... का... ऐ... कू..."

"नेहमीसारखं बोल, पोरी," मी म्हणालो. "ओठ ताणलेस की काही वाचता येत नाही. नाही येत ऐकू. पण तोंडावर फडका नसेल तर सगळं कळतं."

तोवर बाकीचे जवळ आले होते. त्यांत निगडीच्या प्राधिकरणातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. कॅमेरा गळ्यात, गुडघ्याला पट्टा. चांगल्या बाई होत्या, मी नाही म्हणत नाही. गाडीत आम्हाला खिडकीची जागा त्यांनीच दिली होती. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि मुलीशी बोलायला लागल्या. मी बाजूने जेवढं वाचलं ते असं : बिचारे, त्यांना कशाला त्रास, खाली गाडीत बसू दे त्यांना सावलीत, आपण फोटो काढून आणू आणि दाखवू.

ओठ नसते वाचता आले तरी चाललं असतं. दंडावरचा तो हात पुरेसा होता. भीक नको पण कुत्रं आवर, म्हणतात ते हेच.

मुलीला ती सूचना पटलेली दिसली. तिचीही चूक नव्हती, एवढ्या माणसांची जबाबदारी तिच्यावर. सगळे पहाटे उठून आलेले, आणि त्यांचा सुतार एका बहिऱ्या म्हाताऱ्याने उडवून लावलेला. ती हात जोडून, आता अगदी नीट माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, खरंच, राग मानू नका. सुतार आधी कानाला सापडतो, मग डोळ्यांना. आम्ही आवाजावरच चालणार. तुम्ही खाली थोडं बसा. तो नक्की कुठे आहे हे कळलं की मी स्वतः येऊन तुम्हाला घेऊन जाते."

"तोवर तो थांबेल का?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मी हिच्याकडे बघितलं. वाटलं, एवढी एक वेळ बोल, अट मोड. ही झाडाकडे बघत होती. तेव्हा कळलं की जे काय आहे ते मलाच बोलायचंय.

"मी गाडीत बसणार नाही," मी म्हणालो. "पाखरू उडालं ते माझ्यामुळे, मान्य. पण बहिरेपणामुळे नाही उडालं. तू मूठ वर केलीस. आमच्या कंपनीत मूठ म्हणजे चल. तुमच्यात मूठ म्हणजे काय?"

"थांबा."

"झालं. कळलं. आता जन्मात विसरणार नाही. आणखी काय काय खुणा आहेत त्या दाखव."

ती गोंधळली, पण दाखवल्या. हात खाली दाबला म्हणजे बसा. दोन बोटं डोळ्यांकडे म्हणजे दिसला, बघा. बोट गोल फिरवलं म्हणजे मागे फिरा. मी एकेक करून दाखवली. मग म्हणालो, "मी तुझ्या मागे चालणार, पहिला. तुझा पाय जिथं पडेल तिथं माझा पडेल. आणि बोलणार नाही. तोंड उघडलं तर मग खुशाल गाडीत पाठव."

मागे उभ्या असलेल्यांत काहीतरी बोलणं चाललेलं दिसलं. एका गृहस्थाचे ओठ मी पकडले : "मग आम्ही कशाला आलो?" मी त्याला सांगितलं, "मी ज्यासाठी आलो त्यासाठीच." तो दुसरीकडे बघायला लागला. माझ्याशी भांडायची एक अडचण असते, भांडणारा ऐकवू शकत नाही.

मुलीने एकदा घड्याळ बघितलं, एकदा मला बघितलं आणि फडका गळ्यातून काढून सरळ खिशात घातला. चला, म्हणाली.

मग आम्ही पुष्कळ चाललो. तिच्या बुटाच्या टाचेवर नजर ठेवून मी चालत होतो. ती दगडावर, मी दगडावर. ती पानं टाळून लांब टांग टाकायची, मीही टाकायचो, गुडघे कुरकुरले तरी टाकायचो. तिची मूठ वर गेली की माझा पाय हवेत असला तरी हवेत. पहिल्या दोन-तीन वेळा उजवा पाय पेडल दाबायला निघालाच, त्याला मी दाबून धरला. एवढ्या वर्षांची खोड एका सकाळीत मोडायची म्हणजे घाम निघतो. एकदा सगळेच्या सगळे एकदम वळून माझ्याकडे रागाने बघायला लागले. मी दोन्ही हात वर केले, मी काही केलं नाही म्हणून. मग कळलं, त्या मघाच्या गृहस्थाच्या बॅगेत फोन वाजला होता. मला मनातून केवढा आनंद झाला ते सांगायला नको.

पण सुतार काही दिसेना. ऊन चढायला लागलं. मुलगी थांबायची, मान तिरकी करायची, पुढे जायची. बाईंनी कॅमेरा पिशवीत टाकला. आता दिसला नाही तर आजचा दिवस माझ्या नावावर लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरी जाऊन हे लोक सांगणार, सगळं छान होतं हो, पण एक बहिरे काका होते. आणि पुढच्या वेळी सहलीच्या निरोपाखाली एक ओळ वाढणार. ती कोणती, ते मी पैजेवर सांगितलं असतं.

देवराईच्या वरच्या टोकाला ती थबकली. मूठ वर. मी थांबलो. मागे वळून बघितलं तर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या, तोंडं किंचित उघडी, डोळे कुठेच नाहीत. हीसुद्धा तशीच. बारा माणसं एकदम ऐकतात तेव्हा कशी दिसतात, ते मी पहिल्यांदा बघितलं. म्हणजे तो ठोकत होता. सगळ्यांना कळलं होतं, मला कळलं नव्हतं. त्या क्षणी वाईट वाटलं, नाही वाटलं असं मी म्हणणार नाही. पण ते तिथंच गिळलं, कारण तो कुठे आहे हे अजून त्यांनाही कळलेलं नव्हतं.

मुलीने दुर्बीण लावली, काढली, दोन पावलं बाजूला गेली, परत लावली. मग दोन बोटं डोळ्यांकडे नेली. आणि मागे न बघता, नुसता हात मागे करून तिने माझी बाही धरली, मला आपल्या जागेवर ओढलं आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. बोटाने दाखवलं : ते जाड झाड, त्याच्यामागचं वाळकं, त्याची तुटकी फांदी.

आधी नुसती साल दिसली. मग साल हलली.

पाठ सोनेरी, उन्हात धरलेल्या नव्या पितळेसारखी. डोक्यावर लाल तुरा. गळ्यावर काळं-पांढरं ठिपक्याठिपक्याचं. दोन्ही पायांनी खोड पकडलेलं, शेपटी खाली रोवलेली. तो मान मागे घ्यायचा, आणि मग ती मान दिसायचीच नाही. नुसती थरथर दिसायची, चोच कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. मग एकदम थांबायचा. डोकं वाकडं करून काय झालंय ते बघायचा, आपण केलेलं काम तपासतात तसं. बाजूला सरकायचा. परत. लाकडाचा बारीक भुसा खाली पडताना दिसत होता. मी श्वास घेतला की नाही मला आठवत नाही. गॅलरीतून जो लांबून ठिपका होता त्याचा मला डोळा दिसत होता. डोळ्याभोवतीची सुरकुती दिसत होती.

दुर्बीण मी पुढे दिली. हिच्या हातात, मग बाकीच्यांच्या. सगळ्यांनी बघितला. पाखरू काही घाईत नव्हतं. त्याने आम्हाला पुरेसा वेळ दिला आणि मग कामाची जागा बदलून वरच्या फांदीला गेलं.

बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी आपल्या कानाला हात लावला, मान हलवली आणि तोंड कसंनुसं केलं. म्हणजे, अरेरे, तुम्हाला तो आवाज ऐकायला हवा होता हो. बोलायचं नाही असा मी शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिलो. नाहीतर सांगणार होतो, बाई, ठोकण्याच्या आवाजाचं मला कुणी सांगू नये. तुम्ही सगळ्यांनी मिळून ऐकला नसेल एवढा मी एकट्याने ऐकलाय.

उतरून खाली आलो. गावच्या देवळाच्या पारावर सगळ्यांनी डबे उघडले. हिचे मेथीचे धपाटे पहिल्यांदा संपले, त्यातले जास्त त्या फोनवाल्या गृहस्थानेच खाल्ले. चहा झाल्यावर मुलीने सगळ्यांना गोल बसवलं. तिच्या सहलीचा हा रिवाजच असावा : एकेकाने बोलायचं, आज काय बघितलं, काय आवडलं. मला सगळ्यांचे ओठ दिसत होते, म्हणून गोलात बसायला माझी काही हरकत नव्हती.

बाईंनी सुरुवात केली. सुतार, म्हणाल्या, आणि काय तो टकटक आवाज, अंगावर काटा आला. दुसऱ्याने आवाजच सांगितला. तिसऱ्यानेही. गृहस्थ म्हणाले, आधी आवाज आला आणि मग शोधताना जी मजा आली ती काही औरच. मुलगी प्रत्येकाला टाळी देत होती.

मग हिची पाळी आली. ही म्हणाली, "मला वाटंतला मोर लई आवडला. आन् सुतार बी बघितला." आणि थांबली. तिला वाटलं असतं तर माझंही तिथंच सांगून टाकता आलं असतं. आमच्या यांनीबी बघितला हो, पहिला त्यांनीच बघितला. तिने ओठ मिटले आणि धपाट्यांचा रिकामा डबा पुसायला घेतला.

हिच्यानंतर मी. सगळ्यांची नजर माझ्यावर आली, क्षणभर टिकली, आणि माझ्या पलीकडे बसलेल्या तरुणाकडे गेली. तो बोलायला लागला. मुलीनेही मान त्याच्याकडे वळवली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट सगळ्यांनी ते माझ्यासाठीच केलं होतं, म्हातारबाबांना कशाला अवघडायला लावा. अशाच चांगल्या मनाने मला आजवर किती गोलांतून, किती पंगतींतून, किती बोलण्यांतून ओलांडलं गेलंय, त्याला गणती नाही.

मी उभा राहिलो. पारावर हात टेकून उठावं लागलं, पण उठलो.

"आता माझी पाळी आहे," मी म्हणालो.

तरुण थांबला. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. हिने डबा खाली ठेवला.

"मी सुतार बघितला. सोनेरी पाठीचा. आवाज तुम्ही सगळ्यांनी सांगितला, तो मला येत नाही. मी जे बघितलं ते सांगतो. तो घाव घालायच्या आधी मान एकदा मागे घेतो आणि तिथं जरासा थांबतो. तुमच्यातल्या कुणी ते सांगितलं नाही म्हणून सांगतो..."

देवळावरची कबुतरं उडाली. म्हणजे माझा आवाज चढला असणार. समोरच्या कुणीतरी तळहात खाली दाबत दाबत खूण केली, हळू, काका, हळू. ती खूण सगळ्या जगात एकच आहे आणि मला ती चांगली कळते.

मी आवाज कमी केला नाही. सगळं सांगून झालं, तेव्हाच खाली बसलो.